पाठमोऱ्या आमदारबाई

बाईंकडे कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं, की बाई त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. नवीन माणूस बिचकायचा. एवढ्या लांबून एसटीनं आलो आणि ही बाई भिंतीकडे तोंड करून बसली, म्हणजे झालं आपलं काम, असं त्याला वाटायचं. मग मला स्वयंपाकघरातून सांगावं लागायचं, "बोला, बोला. त्या ऐकतायत."

"तोंड बघितलं की दया तरी येते नाहीतर राग तरी येतो," बाई म्हणायच्या. "दोन्हींनी ऐकू कमी येतं."

माणसाचं सांगून झालं की बाई न वळता विचारायच्या, "हे खरे आहे काय?" विधानसभेत प्रश्न असाच विचारतात म्हणे. खरा माणूस लगेच 'व्हय' म्हणायचा. खोटा असला तर त्या पाठीसमोर अडखळायचा. चेहऱ्यासमोर खोटं बोलता येतं, पाठीसमोर येत नाही, हे मी तिथं बघितलं.

भिंगारच्या शाळेत चौथीला त्या आमच्या बाई होत्या. तेव्हाही तसंच. तोंड फळ्याकडे, आणि मागं कोण कुजबुजलं ते नावासकट सांगायच्या. आमच्या जिभेवरचं 'न्हाई' आणि 'व्हय' त्यांनी छडीनं काढलं. माझं 'न्हाई' निघायला फार छड्या लागल्या, पण निघालं ते कायमचं. माझी शाळा चौथीलाच संपली. पुढं लग्न झालं, मोडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. तोवर बाई आमदार झाल्या होत्या. पक्षाला एक बाई उभी करायची होती. हिला नवरा नाही, मूल नाही, हिच्या मागं कोण आहे, बस म्हटलं की बसेल, असा पुढाऱ्यांनी विचार केला. हिच्या मागं कोण आहे ते त्यांना नंतर कळलं.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला राहिले. सावेडीत तेव्हा वस्ती विरळ होती. दोन खोल्यांचं बैठं घर, मागं दगडी ओटा, आणि ओट्यापुढं नुसता माळ. पाऊस गेल्यापासून माळावर गवताची काडी नव्हती. दुपारी त्याच्याकडे बघवायचं नाही, इतका तो पांढरा दिसायचा. वावटळ उठली की उभीच्या उभी ओट्यापर्यंत यायची आणि ओट्यापाशी बसायची. घरात शिरायची नाही. मी सुरुवातीला दार लावून घ्यायचे. बाई म्हणाल्या, "उघडं ठेव. भेटायला येणाऱ्याला दार लावू नये."

बाई देवमाणूस होत्या असं मी म्हणणार नाही. आता त्यांच्याबद्दल कुणी बोललंच तर तसं बोलतात. बाई हाताच्या घट्ट होत्या, तोंडानं फटकळ होत्या, आणि चहा वाईट झाला तर कप तसाच परत पाठवायच्या. सभागृहातली सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की चिडल्या की समोर कोण आहे हे न बघता सुरू करायच्या, "अध्यक्ष महाराज!" काष्टीच्या बाजाराला जाताना एसटीच्या कंडक्टरनं एका म्हाताऱ्याला भर रस्त्यात उतरवलं, तर बाई जागेवरून उठल्या. "अध्यक्ष महाराज, हा अन्याय आहे!" कंडक्टर म्हणाला, "मावशी, मी कंडक्टर हाय." बाई म्हणाल्या, "मग अध्यक्षांना बोलवा." सगळी गाडी हसली. पण म्हातारा परत वर चढला.

अधिवेशन जवळ आलं की बाई मला मंत्री करायच्या.

"काथवटीतले हात काढ आणि मंत्री हो."

"भाकरी करपेल, बाई."

"सरकारचं काय करपत नाही? उभी राहा."

मंत्री होण्यात अवघड काही नसतं. पहिल्या प्रश्नाला म्हणायचं, 'हे खरे नाही.' दुसऱ्याला म्हणायचं, 'प्रश्न उद्भवत नाही.' पिठाचे हात मागं बांधून मी ते इतक्या वेळा म्हटलं आहे की झोपेतही म्हणेन. अध्यक्षही मीच. बाईंचं भाषण लांबलं की देव्हाऱ्यातली घंटा वाजवायची. शेजारीण एकदा म्हणाली, "तुमच्याकडं आरती भर दुपारची कशी हो असते?" मी सांगितलं, "आमचा देव दुपारी जागा असतो." तिनं पुन्हा विचारलं नाही.

इथपर्यंत सगळं चालण्यासारखं होतं. खरी गंमत पानाची.

दुष्काळी कामावर एका बाईचं तान्हं मूल उन्हानं गेलं. आई खडी फोडत होती, आणि सावलीला ठेवायला जागा नव्हती म्हणून मूल खडीच्या ढिगाआड ठेवलं होतं. बाई ते बघून आल्या, हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "आज मागच्या ओट्यावर एक पान जास्त वाढ. दुधाची वाटी ठेव."

"कोण यायचंय?"

"आलंय."

आमच्यात मेलेल्या माणसाला पान वाढतात ते पितृपक्षात. तेही आपल्या घरच्या माणसाला. बाराही महिने परक्याच्या मेलेल्याला जेवू घालणारं घर मी दुसरं पाहिलं नाही. मी तसं बोलले. बाई म्हणाल्या, "जिवंत माणसं आपलं आपण ओरडतात. त्यांना आमदार नसला तरी चालेल. मेलेल्यांचा आमदार कोण?"

मग त्या ओट्यावर पानाकडे पाठ करून बसल्या. बराच वेळ. मध्येच मान हलवायच्या, जसं कुणी मागून काही सांगतंय. संध्याकाळी वाटीत दूध नव्हतं. मांजर पिऊन गेलं असेल. मी तसंच धरून चालते. पुढं बाईंनी सभागृहात विचारलं, खडी फोडणाऱ्या बायकांनी पोरं कुठं ठेवायची, आणि असं विचारलं की कामाच्या ठिकाणी पोरांसाठी छप्पर घालायचा हुकूम निघाला. हुकूम निघाला त्या दिवशी बाई म्हणाल्या, "आता पान नको." असे आणखी काही जण आमच्या ओट्यावर जेवून गेले. कुणाचं काम लवकर झालं, कुणाचं उशिरा. मी भाकरी टाकत गेले. सवय कशाचीही होते.

पण त्या पाथर्डीकडच्या सुनेची सवय मला झाली नाही.

तिची सासू आली ती टळटळीत दुपारी. पायात काही नाही, लुगड्याला सहासात वर्षांची नात धरलेली. बाई पाठ करून बसल्या. म्हातारीनं जरा बघितलं, आणि तीही वळून बाईंकडे पाठ करून बसली.

मी म्हटलं, "आजी, तुम्ही का वळलात?"

"त्या बगत न्हाईत तर मी कशापायी बगू? मलाबी तोंड दावू वाटत न्हाई."

मग दोघी पाठीला पाठ लावल्यासारख्या बसल्या, आणि म्हातारी दाराबाहेरच्या माळाला सांगितल्यासारखं सांगू लागली.

"माजी सून. हिरीत ग्येली. हिरीत पानी कुठंय आता, तळाला जरासा पाझर हाय. बाया दोर धरून उतरत्यात, तळाला बसून वाटीवाटीनं घागर भरत्यात. ही उतरली तर कपारीतला धोंडा निसटला. तितंच ग्येली."

"मग?"

"मग गाव म्हनतंय, बाहेरची असून उतरली. आसरांना इटाळ झाला, म्हनून त्यांनी न्येली."

आसरा म्हणजे विहिरीत राहणाऱ्या सात बायका. देवीच म्हणा. आमच्या भागात त्यांना सगळेच भितात.

"ती बाहेरची होती काय?"

"न्हाई. एका चुलीव ऱ्हातो, मला ठावं नसंल व्हय? पन माजं कोन ऐकतंय! गावानं आसरांची वटी भरली, नारळ फोडला, आन माज्या घराला हीर बंद क्येली. म्हनं तुमच्यापायी हाय ते पानीबी जाईल. ही पोर घागर घिऊन उभी ऱ्हाती. कुनाला दया आली तर वरनं वतत्यात. न्हाई आली तर तशीच माघारी येती."

"मुलगा कुठंय तुमचा?"

"ऊस तोडाया ग्येलाय. बायकूचे दिवस घातले आन परत ग्येला. त्याला गावात तोंड दावायची लाज वाटती."

"तुम्हाला काय पाहिजे?"

"सरकारनं म्हनावं, पान्यापायी ग्येली. तिचा काय गुन्हा न्हाई. पाटील बोललाय, सरकार म्हनलं तर हीर खुली करतो. त्याला वाटतंय सरकार कशाला म्हनतंय!"

बाई म्हणाल्या, "सुनेवर तुमची फार माया होती?"

"माया?" म्हातारी तिकडच्या तिकडं फिसकारली. "जिती व्हती तवा उठल्यापास्नं भांडायचो आमी. पन भांडन माजं हुतं. गावाचं काय हुतं त्यात?"

बाईंनी विचारलं, "हे खरे आहे काय?" आणि म्हातारीनं तोंडभर 'व्हय' म्हटलं. मी आजी-नातीला भाकरी दिली. निघताना बाई म्हणाल्या, "तुमच्याबरोबर आणखी कोण आलंय?"

"कोन न्हाई. मी आन ही."

"बरं."

पण ती पोर मागच्या ओट्याकडे बघत होती. आजीनं ओढून नेली तरी मान वळवून बघत होती. आणि बाई मला म्हणाल्या, "पान वाढ. पाण्याचा तांब्या विसरू नको."

भाकरीला कुणी हात लावला नाही. ती उन्हात वाळून ढालीसारखी झाली. तांब्या मात्र संध्याकाळी रिकामा होता. मला वाटलं गळका आहे. भरून चुलीजवळ ठेवला, तर थेंब कमी झाला नाही. मग दुसऱ्या दिवशी त्यावर फुलपात्र पालथं घालून ओट्यावर ठेवला. संध्याकाळी फुलपात्र शेजारी नीट ठेवलेलं, आणि तांब्या कोरडा. ऊन होतं हे खरं. पण उन्हाला फुलपात्र उचलून ठेवता येत नाही. त्या दिवसांत प्यायच्या पाण्यासाठी मी स्वतः रांगेत उभी राहत होते. मी बाईंना म्हटलं, "मेलेल्या बाईला रोज तांब्याभर पाणी परवडणार नाही."

"तिलाही परवडलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

त्यांनी प्रश्न पाठवला आणि सरकारचं छापील उत्तर आलं. सदर महिला पाय घसरून मृत्यू पावली, हे खरे आहे. पाणीटंचाईमुळे मृत्यू झाला, हे खरे नाही. तिसऱ्याला, प्रश्न उद्भवत नाही. ते मी वाचलं तेव्हा मला राग आला नाही, ओळखीचं वाटलं. मीच दिलेलं उत्तर होतं ते.

बाईंनी सोडलं नाही. सभागृहात उभं राहून पुन्हा विचारायचं ठरवलं. ते पक्षात कळलं, आणि जिल्ह्याचे एक पुढारी घरी आले. कडक टोपी, गाडी बाहेर उभी. बैठकीत उकडत होतं म्हणून सरळ मागच्या ओट्यावर गेले आणि पानासमोरच्या पाटावर बसले. मी काही बोलायच्या आत बसले.

"बाई, सरकार आपलं आहे. आपल्याच सरकारला अडचणीत आणायचं?"

"विहीर कुणाची आहे?" बाई दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"एका विहिरीत एक बाई पडली. गावोगाव पडतायत. त्या सगळ्यांसाठी असंच विचाराल? मग प्रत्येक पाय घसरणारा सरकारच्या नावानं घसरेल. तिकीट देताना तुम्हाला आम्ही काय म्हणालो होतो?"

"बसा म्हटलं की बसा."

"मग?"

"तुम्ही बसलाय ना. एकानं बसलं की पुरे."

पुढारी घामाघूम झाले होते. त्यांनी समोरचा तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि खाली ठेवला. "ह्यात पाणी नाही?"

"आत्ताच भरला होता," मी म्हटलं. आणि भरला होताच. ते आले तेव्हा मी तो भरून नुकतीच आत आले होते.

त्यांनी पानाकडे बघितलं. "हे कुणाचं पान?"

"त्या विहिरीतल्या बाईचं," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिच्या पाटावर बसलाय."

ते उठले. धोतराचा सोगा पाटाला अडकला म्हणून त्यांनी तो ओढला, तर पाट थोडा त्यांच्याबरोबर सरकला. खिळा असेल पाटाला. मी नंतर बघितलं, खिळा नव्हता. गाडीत बसताना ते एवढंच म्हणाले, "पुढच्या निवडणुकीचं बघू." ते त्यांनी बघितलंच. बाईंना पुन्हा तिकीट मिळालं नाही.

अडचण दुसरीच होती. काहीही विचारलं तरी मंत्री 'नाही' म्हणणार. मी रोज मंत्री होत होते आणि रोज 'नाही' म्हणत होते. बाईंनी प्रश्न सरळ फिरवून बघितला, उलटा फिरवून बघितला. प्रत्येक वेळी हरायच्या. घंटा वाजवून वाजवून माझा हात दुखायचा. शेवटी बाई ओट्यावर जाऊन पानाकडे पाठ करून बसल्या. म्हणाल्या, "मला जमत नाही. तूच सांग, काय विचारू?"

हे त्या मला म्हणाल्या नव्हत्या.

मी दारात धान्य पाखडत होते. वारा नव्हता. माळावर एक पक्षी नव्हता. तांब्यावरचं फुलपात्र जरा वाजलं, बांगडी लागावी तसं. मी सूप खाली ठेवलं. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी मान हलवली आणि उठल्या. त्यांच्या पाठीवर, लुगड्याच्या पदरावर, ओला डाग होता. घामाचा असेल. पण दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहाताएवढा होता.

"सापडला," म्हणाल्या. "त्यांना 'नाही'च म्हणायचंय ना? म्हणू दे."

मला त्या मुंबईला बरोबर घेऊन गेल्या. "चल, खरा मंत्री बघ."

वरच्या सज्जात बसून मी बघितलं. बाईंचं नाव पुकारल्यावर काहीजण उठून बाहेर गेले. मंत्र्यानं माझंच उत्तर वाचलं, माझ्याइतकं नीट नाही. मागच्या बाकावरचा एक सदस्य ओरडला, "विहिरीत उतरताना पदर खोचायला शिकवा तुमच्या बायांना!" हशा झाला. बाई थांबल्या. हशा संपू दिला.

"अध्यक्ष महाराज, माझा पुरवणी प्रश्न. त्या विहिरीत पाणी वर असतं, तर ती बाई खाली उतरली असती काय?"

मंत्र्यानं कागद चाळले. ह्याचं उत्तर कागदात नव्हतं. 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणता येईना. तो म्हणाला, "माहिती घेण्यात येईल."

बाई उभ्याच.

अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं."

"मी बसते, अध्यक्ष महाराज. पण ती उभी आहे. तिला कुणी बसायला सांगायचं?"

"कोण उभी आहे?"

"माझ्या मागं."

त्या वळल्या नाहीत. बाकी सगळे वळले. बाईंच्या मागं कुणी नव्हतं. एवढं मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, की तो पदर खोचायला सांगणारा सदस्य बाकावर बाजूला सरकला. जवळ कुणी उभं राहिलं की माणूस जागा करतो, तसा सरकला, आणि मग पुन्हा मागं वळून बघायचं त्यानं टाळलं. मंत्र्यानं समोरचा पेला तोंडाला लावला, आत बघितलं, आणि तसाच खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

"उतरली नसती?"

"उतरली नसती."

"म्हणजे ती पाण्यापायी उतरली आणि पाण्यापायी गेली. मी आभारी आहे." मग बाई बसल्या.

मला वाटलं, संपलं. नगरला येऊन मी पान उचलायला गेले तर बाई म्हणाल्या, "राहू दे." तांब्या भरून ठेवला. संध्याकाळी रिकामा.

"अजून काय पाहिजे हिला?" मी म्हटलं. मी वैतागले होते. "मंत्री बोलला की!"

"मुंबईत बोललेलं विहिरीच्या तळाला कसं ऐकू जाईल? तिथं जाऊन सांगितलं पाहिजे."

आम्ही एसटीनं गेलो. पुढं चालत. गावात पोहोचलो तेव्हा सावली पायाखाली आलेली होती. विहिरीजवळ गाव जमलं. म्हातारी आणि नात लांब उभ्या, घागर रिकामी. पाटील पुढं आला, वागायला नीट होता.

"बाई, तुमच्या बोलण्याला आमी खोटं म्हनत न्हाई. पन सरकार म्हनलं, ह्याला काय आधार? पेपरात तर कुठं आलं न्हाई."

"सभागृहात झालं ते इथं करून दाखवते. मंत्री बरोबर आणलाय."

माझ्याकडे बोट केलं तसे लोक हसले. एकजण म्हणाला, "मंत्र्याच्या हाताला पीठ लागलंय!" लागलेलं नव्हतं. पण मी हात पदराला पुसले.

बाई विहिरीच्या काठावर उभ्या राहिल्या, विहिरीकडे पाठ करून. इतक्या कडेला, की टाच दगडाच्या बाहेर. मी समोरच्या काठावर. मी आत बघितलं. खाली काळोख, आणि काळोखात कपाळावरच्या टिकलीएवढं पाणी. ते हलत होतं. कुणी उतरलेलं नव्हतं.

बाईंनी खणखणीत आवाजात विचारलं, "अध्यक्ष महाराज! ह्या विहिरीत पाणी वर असतं, तर ती बाई खाली उतरली असती काय?"

आवाज विहिरीत गेला आणि फिरत फिरत खाली गेला. आता मी 'नाही' म्हणायचं होतं. मी श्वास घेतला.

"न्हाई."

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

आवाज तरण्या बाईमाणसाचा होता. खालून आला. आणि 'न्हाई' आला. माझं 'न्हाई' भिंगारच्या शाळेत राहिलं, मागंच सांगितलं. घुमलेला आवाज म्हणावा तर आधी कुणी तो शब्द उच्चारायला नको? पाटलाचा हात टोपीकडे गेला. हसणारा माणूस मागच्या मागं दोन माणसांच्या आड झाला. आसरांची ओटी भरणाऱ्या बायका एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. कुणी विचारलं नाही, कोण बोललं म्हणून. ती गावातच नांदलेली होती, आवाज सगळ्यांच्या ओळखीचा असणार.

बाई वळल्या नाहीत. म्हणाल्या, "उत्तर देण्यात आलेलं आहे. पाटील?"

पाटलानं टोपी काढून हातात घेतली. "भरू द्या," तो म्हणाला. "पोरीला भरू द्या."

तिथल्याच एका बाईनं खाली उतरायला दोर सोडला आणि वरून पोरीलाही धरू दिला. म्हातारी मात्र घागरीकडे गेली नाही. ती विहिरीवर वाकली, इतकी की मला वाटलं ही पण जाते, आणि खाली तोंड करून ओरडली, "ऐकलंस का गं? झालं न्हवं तुज्या मनाजोगं? आता तरी गप ऱ्हा!"

खालून काही आलं नाही. म्हातारी जरा वेळ तशीच वाकून थांबली. भांडणाऱ्या माणसाला दुसऱ्या बाजूनं काहीतरी यायला हवं असतं. मग तिनं नाकाला पदर लावला, आणि घागर भरून वर आल्यावर नातीला म्हणाली, "चल, वाटंत सांडू नगंस."

येताना एसटीत बाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मी बोलले नव्हते." त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. तुझं शुद्ध आहे." एवढंच. पुढं त्या पुष्कळ वर्षं जगल्या, तिकीट नसलेल्या, भेटायला कुणी न येणाऱ्या. तरी बसायच्या त्या दाराकडे पाठ करूनच. मी विचारलं नाही, कुणाचं ऐकताय म्हणून.

त्या दिवशी जाताना मी नेहमीसारखं पान वाढून, तांब्या भरून ठेवला होता. घरी पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मी ओट्यावर गेले. दिवसभर तापलेला दगड पायाला चटके देत होता. फुलपात्र तांब्यावर जसंच्या तसं पालथं होतं. उचललं. तांब्या काठोकाठ भरलेला.

बाई आतून म्हणाल्या, "भरलेला आहे काय?"

"होय," मी म्हटलं.

पान गाईला घातलं. तांब्या घेऊन उभी राहिले. दुष्काळात पाणी कुणी ओतून टाकत नाही. मी तिथंच उभी राहून पिऊन टाकलं. दिवसभर उन्हात होतं ते, पण दातांना कळ यावी इतकं गार होतं, आणि त्याला खोल विहिरीच्या तळाच्या दगडाचा वास होता.